सरावाचा आठवडा

मिठागरावर सगळे मास्तरणीच्या आईला रेडिओ म्हणत. सकाळी वाफ्याच्या बांधावर पाय ठेवला की बाईचं तोंड सुरू व्हायचं, ते संध्याकाळी अवजारं धुऊन भिंतीला टेकवेपर्यंत. कोंबडीनं अंडं कुठं घातलं, कुणाच्या सुनेनं कुणाला काय ऐकवलं, टाकीच्या पाण्याला कसला वास येतो, विषयाला तोटा नव्हता. शेजारच्या वाफ्यावरचे गडी हसायचे. तिच्या नवऱ्याकडे बघून "काकांच्या कानांना घट्टे पडले असतील," म्हणायचे.

घरात ही बाई विचारल्याशिवाय बोलत नसे. भांडी घासताना, अंथरूण घालताना, नवऱ्याच्या टाचांच्या भेगांत मेण भरताना गप्प. त्याला कारण होतं. नवऱ्याला दिसत नव्हतं. ती बांधाच्या कडेला उभी राहून बोलायची आणि तो लांब दांड्याचं दाताळं ओढत तिच्या आवाजाकडे यायचा. आवाज जवळ आला म्हणजे बांध आला, वळायचं. तोवर ती समोरच्या कडेला पोचलेली असायची आणि तिथून पुन्हा कोंबडी सुरू व्हायची. गड्यांना ह्यातलं काही माहीत नव्हतं, आणि माहीत होऊन चालणार नव्हतं.

अगदी ठार आंधळा नव्हता तो. उजाडताना आणि सांजेला त्याला बऱ्यापैकी दिसे. ऊन वर चढलं, पाण्यावर आणि मिठावर चमकायला लागलं, की पांढऱ्यात पांढरं मिसळून जायचं. डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारून सांगितलं होतं, आतला पडदा भाजलाय, कापून काही उपयोग नाही, उन्हात काळा चष्मा घाला. काळा चष्मा घातला असता तर दुसऱ्या दिवशी सगळ्या मिठागराला कळलं असतं. म्हणून तो चष्मा पत्र्याच्या पेटीत तळाला पडून होता.

मागे एकदा अंधुक दिसणारा एक म्हातारा गडी पंपाच्या चरात पडला आणि पट्ट्यात त्याचा हात गेला. चौकशी झाली, मालकाला हेलपाटे पडले. तेव्हापासून मालकाचा हुकूम होता, ज्याची नजर गेली त्याला वाफा नाही. हुकूम चुकीचा आहे असंही कुणाला म्हणता येत नव्हतं. पण वाफा गेला की वाफ्याबरोबर मिळालेली खोलीही जाणार होती, आणि खोली गेल्यावर कुठं जायचं ह्याचं उत्तर त्या तिघांपैकी कुणाकडे नव्हतं.

तिसरी म्हणजे मुलगी. अध्यापक विद्यालयात शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा अजून व्हायची होती, पण मिठागराला धीर कुठला, त्यांनी तिला केव्हाच मास्तरीण करून टाकलं होतं. सकाळी ती आईबापांबरोबर वाफ्यात उतरायची, ओल्या मिठाच्या टोपल्या डोक्यावरून बांधावर नेऊन ओतायची, मग हातपाय धुऊन बस पकडायची. अंगठ्याजवळच्या चिरेत गेलेला खार वर्गात बसल्यावरही झोंबत राहायचा. बाकीच्या मुली बालमानसशास्त्र लिहून घ्यायच्या, ही बाकाखाली एक पाय दुसऱ्यावर घासत बसायची.

गेल्या हंगामात बापाची मोठी फजिती झाली होती. मीठ धरत आलेलं असताना त्याला समुद्राच्या बाजूला ढग दिसल्यासारखं झालं. त्यानं घाईनं वाफा खरवडला. पाऊस काही आला नाही, आणि दाणा कच्चाच निघाला. मुकादमानं चिमूट घेऊन बोटांत चोळली आणि चार माणसांत विचारलं, "काका, हे मीठ आहे की पीठ?"

मुकादम तिशीतला होता. आधी त्याचा बाप मुकादम होता, आणि हा लहानपणी ह्याच काकांच्या खांद्यावर बसून भरतीचं पाणी बघायला जायचा. ज्या वर्षी त्याच्या हातात पंपघराची किल्ली आली त्या वर्षीपासून काका त्याला अहोजाहो करायला लागले. तोही काकांना तुम्हीच म्हणायचा. यंदा हंगामाच्या सुरुवातीला त्यानं अगदी गोड आवाजात सांगून टाकलं होतं, "काका, ह्या खेपेला दाणा जाड पाहिजे. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. माझ्यावरही वर कुणी आहे."

जाड दाण्याला दुसरा उपाय नसतो. गाढं झालेलं पाणी वाफ्यात उभं ठेवायचं आणि वाट बघायची. जितकं जास्त थांबाल तितका दाणा मोठा. आणि जितकं जास्त थांबाल तितकी पावसाची भीती मोठी, कारण एक चांगली सर आली की महिन्याभराचं मीठ पुन्हा पाणी होतं. आभाळ वाचणं हाच त्या धंद्यातला सगळा जुगार. ज्याला आभाळच दिसत नाही त्यानं तो कसा खेळायचा?

*

विद्यालयातल्या मार्गदर्शक बाई उत्साही होत्या. त्यांनी वर्गाला काम दिलं, "इंटरनेटवर शिकवण्यासाठी फुकट काय काय मिळतं ते शोधा. नुसतं शोधू नका, वापरून बघा. मग त्यातलं एक घेऊन शाळेत पाठ द्या. मी आणि मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसू."

विद्यालयाच्या व्हरांड्यात एका खांबाजवळ इंटरनेट चांगलं लागायचं. त्या खांबाला टेकून मास्तरीण दुपारची सुट्टी काढायची. फोन बापाचा होता, कोपऱ्यात काच तडकलेला, पण चालायचा.

फुकटात पुष्कळ काही होतं. एका ठिकाणी प्रश्नमंजुषा बनवता यायची. उत्तर बरोबर आलं की फुगे फुटायचे, चुकलं की बेडूक ओरडायचा. मुलं बेडकासाठी मुद्दाम चुकतील हे तिच्या लगेच लक्षात आलं. दुसऱ्या ठिकाणी धडा टाकला की तो वाचून दाखवायचा, पण तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा. एकात चित्रांची गोष्ट करता यायची. तिनं हौसेनं एका कोल्ह्याची गोष्ट केली, तर फुकट आहे म्हणून कंपनीचा शिक्का बरोबर कोल्ह्याच्या तोंडावर. आणखी एकानं वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं भरून घेतली आणि मग बँकेचं कार्ड मागितलं.

"फुकट म्हणजे कसं," ती मैत्रिणीला म्हणाली, "दारात उभं राहून पाणी मिळतं. आत यायचं तर पैसे."

मैत्रीण हसली. मास्तरीण हुशार होती, ह्यात कुणाला शंका नव्हती.

मग तिला हवामानाचं सापडलं. पडद्यावर नकाशा यायचा आणि त्यावर वारा बारीक रेघांनी वाहताना दिसायचा. बोट ठेवलं की तिथं किती ऊन, किती ढग, ते कळायचं. खाली आठवड्याच्या वारांची ओळ, प्रत्येक वाराच्या डोक्यावर सूर्य नाहीतर ढग. तिला एवढा आनंद झाला की खांबाजवळ तिनं एकटीनंच हसून घेतलं. ज्या शाळेत तिला पाठ द्यायचा होता तिथली अर्धी पोरं मिठागरावरचीच. वारा कुठून आला की काय होतं हे त्यांना पाढ्यांच्या आधी कळतं. त्यांना हे दाखवलं तर काय धमाल येईल, असं तिच्या मनात आलं.

मिठागराचं नाव त्यात नव्हतं, असणार तरी कसं. तिनं जवळच्या शहराचं नाव टाकलं. बुधवार, सूर्य. गुरुवार, सूर्य.  बसची वेळ होत आली होती, पुढचे वार तिनं बघितले नाहीत. शाळेत इंटरनेट लागत नाही, पण त्याची सोय त्या लोकांनी केली होती. 'वर्गासाठी साठवून ठेवा' असं बटण होतं. तिनं दाबलं. एक चक्र फिरलं आणि हिरवी खूण आली.

*

संध्याकाळी बाप उंबऱ्यावर बसून दाताळ्याचा हललेला दात ठोकत होता. ती त्याच्या शेजारी बसली आणि तिनं फोन उघडला.

"हे बघा बाबा. हे आपल्याकडचं हवामान. पुढचं."

"पुढचं म्हणजे?"

"म्हणजे उद्या, परवा. सगळ्या आठवड्याचं."

सांजेचा उजेड होता. त्यानं फोन नाकाशी धरला आणि एकेक सूर्य बोटानं मोजल्यासारखा दाबून पाहिला. "ह्यांना कोण सांगतं?"

"वरून फोटो काढतात. मशीन असतात."

"आणि आपल्या वाफ्यावरचं सांगतात?"

"शहराचं सांगतात. पण आभाळ एकच की."

"हां, आभाळ एकच," बाप म्हणाला. त्याला ते पटलं. त्यानं बायकोला हाक मारली. "ऐकलंस का, पोरीनं आभाळ खिशात घालून आणलंय."

आई चुलीपाशी होती. "माझे गुडघे मात्र कालपासून ठणकतायत," ती म्हणाली.

"तुझे गुडघे रोजच ठणकतात. रोज पाऊस पडला असता तर आपण भात लावला असता."

आई हसली. तो विषय तिथंच संपला.

गुरुवारी फोनमध्ये सूर्य होता आणि बाहेरही होता. शुक्रवारी फोनमध्ये सूर्यापुढे ढगाची एक चिंधी होती, आणि खरोखरच दुपारी एक चिंधी आली आणि गेली. आईनं ती बांधावरून ओरडून सांगितली, मध्ये कोंबडी घालून. बापानं दाताळं थांबवलं आणि मान हलवली. ह्या दिवसांत ऊन पडणार हे सांगायला काय लागतं, असं कुणीही म्हटलं असतं. पण दुधानं तोंड पोळलेला माणूस एवढे दिवस ताक फुंकत होता, त्याला कुणीतरी एकदा सांगायला हवं होतं की ताक थंड आहे.

मीठ शुक्रवारी खरवडण्याजोगं झालं होतं. शेजारच्यांनी खरवडलंही. बांधावर त्यांचे ढीग उभे राहिले. बाप वाफ्यात उकिडवा बसला, पाण्यात हात घालून त्यानं तळाचा थर चाचपला, दाणे अंगठ्यानं घोळवले. दाण्याच्या बाबतीत त्याला डोळे लागत नव्हते.

"धरलंय," तो म्हणाला. "पण अजून तीनेक दिवस मिळाले तर हरभऱ्याएवढा होईल. मग बोलू दे त्याला काय बोलायचंय ते."

 आईनं मुलीकडे पाहिलं.

"फोन काय म्हणतो?" बापानं विचारलं.

मुलीनं उघडला. शनिवार, सूर्य. रविवार, सूर्य. सोमवार, सूर्य.

"मंगळवारपर्यंत काही नाही," ती म्हणाली. तिला आपला आवाज जरा मोठा वाटला. आजवर तिनं घराला टोपल्या उचलून दिल्या होत्या, पण घरानं तिला असं कधी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिला अभिमान वाटला.

"मग राहू दे," बाप म्हणाला.

शनिवारी विद्यालयाला सुट्टी होती. खांबापाशी जायचा प्रश्नच नव्हता, आणि गरज तरी काय होती? आठवडा तर फोनमध्येच होता.

*

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर वारा पडला. समुद्राकडचा वारा दिवसभर कानाशी असायचा, तो एकदम थांबला तेव्हा कान बंद झाल्यासारखं वाटलं. बाप भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता.

"वारा का पडला?" त्यानं विचारलं.

आई दारात आली. समुद्राच्या अंगाला आभाळ तव्याच्या बुडासारखं झालं होतं.  मग ती म्हणाली, "उठा."

तिघं पळाली. आईनं प्लास्टिकचं कापड काखेत मारलं होतं. बाप वाफ्यात उतरला आणि त्यानं दाताळं घातलं. थर जाड झाला होता, दात त्यात रुतत होते, ओढताना दांडा वाकत होता. मुलगी हातांनीच मीठ टोपलीत भरायला लागली. नखांत, चिरांत खार गेला, पण ते नंतर. पहिली टोपली तिनं बांधावर ओतली. दुसरी ओतली. तिसरी उचलली तेव्हा थेंब आला.

थेंब मोठे होते. जिथं पडत तिथं मिठात भोक पडायचं. आधी मोजण्याइतकी भोकं दिसली, मग सगळा वाफाच उकळल्यासारखा दिसायला लागला. भिजलेली टोपली उचलेना. मिठाचं पाणी कपाळावरून डोळ्यांत उतरत होतं आणि डोळे उघडे ठेवता येत नव्हते. आई बांधावर कापड पसरून त्याच्या कोपऱ्यांवर दगड ठेवत होती आणि ओरडत होती. काय ओरडत होती ते कळत नव्हतं. पावसाच्या आवाजात तिचा आवाज बुडून गेला होता.

बाप दाताळं ओढत सरळ निघाला तो थांबलाच नाही. बांधाला त्याची नडगी आपटली आणि तो पलीकडच्या चरात तोंडावर पडला. मुलगी धावली. चर खोल नव्हता, पण तो पालथा होता आणि त्याला वर कुठं ते समजत नव्हतं. तिनं त्याच्या सदऱ्याला धरून ओढलं. नडगीची साल निघाली होती. त्यानं उठल्याबरोबर विचारलं, "दाताळं कुठं आहे?"

"राहू द्या आता, बाबा."

"दाताळं बघ आधी. मोडलं तर भरून द्यावं लागेल."

पाऊस फार वेळ पडला नाही. पडायची गरजही नव्हती. आभाळ उघडलं तेव्हा वाफ्यात पोटरीएवढं पाणी होतं आणि त्याच्या तळाशी बोटाला लागेल न लागेल असा चिखलट थर. बांधावर कापडाखाली जो ढीग वाचला होता त्याच्याही कडेनं पाण्याचे ओघळ गेले होते. शेजारच्यांचे ढीग ताडपत्रीखाली कोरडे होते. ते लोक येऊन उभे राहिले, चुकचुकले, आणि गेले.

खोलीत आल्यावर मुलीनं फोन काढला. पिशवीत होता म्हणून वाचला होता. रविवार, सूर्य. त्या सूर्याला डोळे आणि तोंडही काढलेलं होतं, मुलांना आवडावं म्हणून. तिनं ओल्या अंगठ्यानं पान वर सरकवलं, जे तिनं आधी कधी तळापर्यंत सरकवलं नव्हतं. अगदी तळाला, फिक्या अक्षरांत, इंग्रजीत दोन ओळी होत्या. हा सरावासाठीचा नमुना आठवडा आहे. खरा अंदाज साठवायचा असेल तर पैसे भरा.

 मग तिनं आईबापांना वाचून दाखवलं. 

"म्हणजे हे आपलं नव्हतंच?" आईनं विचारलं.

"कुणाचंच नव्हतं. शिकवण्यापुरतं बनवलेलं होतं."

बाप नडगीवर फडकं बांधत होता, ते त्यानं पुरं केलं. गाठ मारली. "तू कुणापाशी काही बोलायचं नाहीस," तो म्हणाला. "मुकादमाशी मी बघतो."

"पण चूक माझी आहे, बाबा."

"तू गप्प राहायचं," तो म्हणाला. एवढंच. मनात काय आहे ते त्यानं उलगडून सांगितलं नाही, आणि ते तेव्हा सांगितलं असतं तर पुढचं घडलं नसतं. मुलीला वाटलं, बाप आपल्याला पाठीशी घालतोय.

*

सोमवारी मुकादम आला तेव्हा ऊन चांगलं वर चढलं होतं. सगळे वाफे पाण्यानं भरलेले, त्यात सूर्य, डोळे असलेल्या माणसालाही हात आडवा धरावा लागत होता. बाप बांधावर उभा होता. आई लगबगीनं मुकादमाच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि बोलायला लागली, काय तो पाऊस, छपरातून कसं गळलं, सरपण कसं भिजलं. बापानं त्या आवाजाकडे बरोबर तोंड केलं आणि नमस्कार केला.

"काका," मुकादम म्हणाला, "इतकी वर्षं काढलीत इथं. शुक्रवारी खरवडायचं मीठ रविवारपर्यंत कसं ठेवलंत?"

"हाव सुटली," बाप म्हणाला. "गेल्या वर्षी तुम्ही पीठ म्हणालात. म्हटलं यंदा असा दाणा दाखवू की तुम्हीच मालकाला नमुना न्याल."

मुकादमाला हसू आलं. "मी बोललो ते तुम्ही मनाला लावून घेतलंत म्हणायचं."

"लागलं थोडं."

मुकादम बांधावरून चार पावलं चालला. किल्ली बोटाभोवती फिरवली. रागावला होता, पण फार नव्हता. "पलीकडच्या अंगाला दोघांचं असंच गेलंय. हाव सगळ्यांनाच सुटते, काका. मालक ओरडेल, ते मी ऐकून घेतो. हंगाम अजून बाकी आहे. आज पाणी काढून टाका, उद्या नवं भरा. पुढचा माल बघून मग ठरवू."

बापाचे खांदे खाली आले. त्यानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, बहुतेक उपकार झाले असंच म्हणणार होता.

"चूक बाबांची नाही," मुलगी म्हणाली.

विद्यालयाचे कपडे घालून ती मागे उभी होती. सगळी रात्र तिला झोप नव्हती. मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, फळ्यावर चुकलं तर गुपचूप पुसू नका, वर्गाला सांगा की माझं चुकलं. तिनं ते मनापासून घेतलं होतं. आपल्यासाठी बाप सगळ्या मिठागरात हावरट ठरतोय, हे तिला सहन झालं नाही.

"बाबा शुक्रवारीच खरवडणार होते. मी थांबवलं. मी फोनमध्ये हवामान बघून सांगितलं की पाऊस नाही. ते चुकीचं निघालं. काय शिक्षा द्यायची ती मला द्या."

आई बोलायची थांबली.

"फोनमध्ये बघून?" मुकादम म्हणाला.

"हो. रोज संध्याकाळी बाबा मला विचारायचे, मी बघून सांगायची."

मुकादमाची किल्ली फिरायची थांबली. त्यानं ती खिशात टाकली आणि काकांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. "माझे वडील सांगायचे," तो म्हणाला, "आभाळ बघावं तर ह्या काकांनी. तुम्ही पोरीला विचारता, काका? समोर एवढं आभाळ असताना?"

"गंमत म्हणून," बाप म्हणाला. "नवीन काहीतरी आहे म्हणून."

"गंमत म्हणून एवढं मीठ उभं ठेवलंत?"

आई घाईनं म्हणाली, "अहो, ह्यांना नव्याचं वेड भारी, परवा कोंबडीचं..."

"काकू, तुम्ही जरा गप्प राहा," मुकादम म्हणाला. आवाज चढवला नाही. "तुम्ही किती बोलता हे सगळ्यांना माहीत आहे. का बोलता हे मला आत्ता कळतंय."

तो वाकला, बांधावरच्या ढिगातून त्यानं काहीतरी उचललं आणि तळहात उघडा धरून बापासमोर उभा राहिला. दोघांत हातभर अंतर होतं.

"काका, माझ्या हातात काय आहे?"

बापानं तोंड तिकडे केलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ते उन्हानं. मुलगी एक पाऊल पुढे आली.

"मास्तरीणबाई, तुम्हीही नाही," मुकादम म्हणाला. "परीक्षेत सांगायचं नसतं."

 बाप विचार करत होता. मुकादमाच्या हातात नेहमी काय असतं ते त्याला ठाऊक होतं, आणि आत्ताआत्तापर्यंत तिचा खुळखुळ त्याच्या कानांवर येत होता. "काय हे," तो हसून म्हणाला, "पंपघराची किल्ली."

मुकादमानं हात खाली केला. हातातलं त्यानं पुन्हा ढिगावर टाकलं आणि तळवा पँटला पुसला. त्यालाही बरं वाटलं नसावं, पण त्यानं काय होणार.

"वाईट वाटून घेऊ नका, काका. हाव असती तर मी सांभाळून घेतलं असतं. उद्या तुम्ही चरात पडलात, काही झालं, तर मालक माझं नाव घेईल." तो मुलीकडे वळला. "तुम्ही खरं बोललात हे बरं केलंत. मला कळलंच नसतं." मग पुन्हा बापाला, "महिनाअखेरपर्यंत राहा खोलीत. दाताळं, टोपल्या सावकाश आणून द्या."

तो बांधावरून गेला. पलीकडच्या वाफ्यावर त्यानं कुणाला तरी हाक मारली, पंपाचं काहीतरी सांगितलं.

आई खाली बसली. आता बोलायचं कशासाठी, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. मुलगी होती तिथंच उभी राहिली. गप्प राहा ह्याचा अर्थ तिला आत्ता लागला होता. कालपासून त्यानं स्वतःला हावरट म्हणवून घ्यायची तयारी केली होती, ती तिच्यासाठी नव्हती, किंवा नुसती तिच्यासाठी नव्हती. खोलीसाठी होती. आणि ते सगळं तिनं चार वाक्यांत खरं बोलून पाडलं होतं.

"बस चुकेल तुझी," बाप म्हणाला. तो अजून मुकादम उभा होता त्याच दिशेला बघत होता.

"आज नाही जात."

"पाठ आहे ना तुझा ह्या आठवड्यात? जा. आता ते तरी झालं पाहिजे."

ती त्याच्याजवळ गेली. त्यानं अंदाजानं हात पुढे केला आणि तिचं मनगट धरलं. त्याचा तळवा खारानं खरवडल्यासारखा खरखरीत होता.

"त्याच्या हातात काय होतं गं?"

"मीठ होतं, बाबा."

"आपलं?"

"आपल्याच ढिगातलं."

 मग बापानं हळूच विचारलं, आईला ऐकू जाऊ नये असं.

"दाणा जाड होता?"

पावसानं खाऊन त्या ढिगातल्या मिठाची ओली भुकटी झाली होती. मुकादमाच्या पँटला त्याचा पांढरा पट्टा उमटलेला तिनं पाहिला होता.

"हो बाबा," ती म्हणाली. "चांगला जाड होता."